खिंडीतली दोन मिनिटं

सुभेदार नाथाजी निवृत्त झाला तो फक्त कागदावर. आष्ट्याला त्याचा ऊस होता, विहीर होती, गावाबाहेर सैन्यभरतीला जाणाऱ्या पोरापोरींची अकॅडमी होती, आणि या सगळ्याहून मोठा होता त्याचा आवाज. पलटणीत त्यानं उमेदीची वर्षं कवायत शिकवण्यात घालवली होती. सकाळी मैदानावर त्यानं 'सावधान' म्हटलं, की नाक्यावरच्या टपरीत चहा पिणारी माणसं कप खाली ठेवायची. बायको मनुबाई म्हणायची, "ह्यांना फोन कशाला पायजे? दारात हुबं राहून बोलले तरी माझ्या म्हायेराला ऐकू जातंय." हे टोमणे नाथाजीला मेडलइतकेच प्यारे होते. देव प्रत्येकाला एकेक जहागीर देतो, आपल्याला ही दिली, असं तो छाती काढून सांगायचा.

त्या आवाजाला अलीकडे मोबाईलचाही रस्ता सापडला होता. लढायांच्या मोठ्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. नाथाजी सांगायचा त्या कुणी न सांगितलेल्या. पाणक्याची गोष्ट, तारा जोडणाऱ्या शिपायाची गोष्ट, न्हाव्याची गोष्ट. शूटिंग करायची त्याची एकुलती एक लेक राजेश्वरी. पोरगी इंजिनिअर झाली होती, पण मन बापाच्या वाटेवर. अधिकारी होण्याची लेखी परीक्षा तिनं पास केली होती आणि पंधरवड्यावर मुलाखत आली होती. आपण सुभेदार म्हणून उतरलो, लेकीनं लेफ्टनंट म्हणून चढावं, एवढा एकच नवस नाथाजीनं आयुष्यात केला होता. तिलाही त्याचाच गळा मिळाला होता, थोडा बारीक, पण धारदार.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी बापलेक गाडी काढून पूर्वेला निघाले. जतच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेला लागून हरिबाची वस्ती होती. हरिबा जातीचा मेंढपाळ, पण सैन्यात त्यानं खेचरं हाकली. बर्फाळ डोंगरावरच्या चौकीत त्याच्या खेचरांनी वर आणलेली डाळ खाऊन नाथाजी एक अख्खा हिवाळा जगला होता, त्यामुळं दोस्ती पक्की. त्याच हरिबानं फोन करून सांगितलं होतं, "सुबेदार, आमच्या खिंडीत एक दगड हाय. त्याची गोष्ट कुणीच सांगितली न्हाई. येऊन जावा."

ऊस मागं पडला, मग द्राक्षं मागं पडली, मग नुसतं माळरान आणि बाभळी उरल्या. दुपार कलताना ते वस्तीवर पोचले. हरिबाच्या बायकोनं, सुलाबाईनं, चहा टाकला. हरिबा घोंगड्यावर पाय लांब करून बसला; त्याच्या गुडघ्याची वाटी कामातून गेली होती. राजेश्वरीनं मोबाईल त्याच्याकडं वळवला.

"आमचा आज्जा बिरदेव," हरिबा सांगू लागला, "दुसऱ्या म्हायुद्धात बर्माच्या जंगलात खेचरं हाकायला हुता. त्याच्याकडची खेचरी लय गुणाची. मैना म्हनायचा तिला. तर पलटणीला दुश्मनाच्या पाठीमागं जायाचं हुतं. एक खेचर वरडलं की सगळं उघडं पडायचं. म्हणून काय केलं, खेचरांच्या गळ्यातले आवाजाचे पडदेच कापले."

राजेश्वरीनं मोबाईल थोडा खाली घेतला. "खरंच कापले, काका?"

"व्हय की. भूल दिली असंल, पर डोकं धरायला आज्जालाच हुबं केलं हुतं. ती त्याच्याकडंच बघत हुती म्हनं. नंतर तोंड उघडायची, मान ताणायची, पर आवाज न्हाई. नुसती वाफ." हरिबानं चहाचा घोट घेतला. "पुढं एका पावसात वाट खचली आन मैना घळीत गेली. आज्जा अंधारात हिकडं तिकडं धावला. दबक्या आवाजात हाका मारून मारून थकला. ती जित्ती हुती का मेली, कळायचं कसं? वरडली असती तर घावली असती. सकाळी पलटण म्होरं गेली, त्यालाबी जावं लागलं."

"आणि इथला दगड?" नाथाजीनं विचारलं.

"लढाई संपली, आज्जा घरला आला. टेसनापासनं चालत. दिवस बुडताना ह्या वरच्या खिंडीत शिरला, तर मागनं टापा वाजाय लागल्या. वळून बघितलं, कोण न्हाई. मग मानेवर ऊन ऊन वाफ आली. आज्जानं वळखलं. बर्मापासनं चालत आलती ती. तवा त्यानं आभाळाकडं तोंड करून हाळी दिली, मैनाऽऽ म्हनून. तिच्या वाटंचं वरडून घेतलं त्यानं. तशी वाफ गेली, टापा गेल्या. त्यानं तिथं दगड मांडला. तवापासनं खिंडीत पाऊल टाकलं की तिच्या नावानं हाळी द्यायाची. गप जायाचं न्हाई."

"गप गेलं तर?" राजेश्वरीनं विचारलं.

हरिबानं डोकं खाजवलं. "गप कोण गेलंच न्हाई, पोरी. तर काय सांगू?"

"माझ्या लग्नाच्या वऱ्हाडानंबी दिलती हाळी," सुलाबाई चुलीपासून म्हणाली. "नवरीला सुदिक वरडाय लावलं मेल्यांनी. आवं, तुमीबी द्या म्हंजे झालं."

"हाळी द्यायला मी कमी पडतोय व्हय?" नाथाजी म्हणाला, आणि असा हसला की वाड्यातली मेंढरं एका बाजूला सरकली.

गुडघ्यामुळं हरिबा खालीच थांबला. बापलेक दिवस कलताना चढले. वाट फार अवघड नव्हती, पायाखाली सुटी खडी होती एवढंच. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या भिंती, मधे जेमतेम बैलगाडी जाईल एवढी फट, आणि त्या फटीच्या मध्यावर गुडघ्याएवढा उभा दगड, शेंदूर न लावलेला. वारा पलीकडून येत होता आणि कुठंतरी टिटवी ओरडत होती. नाथाजीनं पिशवीतून बॅरेट टोपी काढून तिरकी बसवली, छातीवर मेडलं लावली. राजेश्वरी दगडाच्या पलीकडं जाऊन मोबाईल धरून उभी राहिली. मधे दगड, अलीकडं बाप, पलीकडं लेक.

हाळी द्यायची हे नाथाजी विसरला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. लोक नंतर म्हणाले की सुभेदारानं हलगर्जी केली. ते खोटं आहे. त्यानं मैनेची गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगितली, अगदी जीव ओतून. आपल्या पलटणीची कितीतरी माणसं त्यानं खांद्यावर नेली होती. त्या प्रत्येकासाठी तो जे करत आला तेच त्याला या मुक्या जनावरासाठी करावंसं वाटलं. आधी मान, मग हाळी, असं त्यानं मनाशी ठरवलं. फौजी माणसाला दुसरं सुचणार तरी काय?

"मैनेसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू," तो म्हणाला, आणि टाचा जुळवून सावधान झाला.

राजेश्वरीही ताठ झाली. बापाची लेक ती.

ज्याच्याजवळ आवाज होता त्याच्यासाठी गप्प राहणं हा मान असतो. जिचा आवाज कापून घेतला तिच्यापुढं गप्प राहणं म्हणजे काय, हे त्या घटकेला नाथाजीच्या ध्यानात आलं नाही.

आधी टिटवी थांबली. मग वारा पडला. मग खडकाच्या फटीत किरकिरणारा किडासुद्धा बंद झाला, आणि नाथाजीला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. एवढी शांतता त्यानं बर्फातसुद्धा ऐकली नव्हती. डोळे समोर, हनुवटी वर, हात पँटीच्या शिवणीला. तो हलला नाही.

लेकीच्या पाठीमागं, खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी, खडी वाजली.

पलीकडनं कुणाचं गाढव येतंय काय, असं त्याच्या मनात आलं. टापा सावकाश होत्या, ओझ्याच्या होत्या. मधेच एक पाय घसरल्यासारखा व्हायचा. चामड्याचा पट्टा करकरला. मग वास आला... भिजवलेल्या हरभऱ्याचा, घामाचा, आणि त्याच्या तळाशी दवाखान्यातल्या औषधाचा. वाट सगळी दिसत होती, उजेड अजून होता. वाटेवर काहीही नव्हतं. खडी मात्र एकेक पाऊल दबत जवळ येत होती.

दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत सावधान मोडायचं नसतं. आयुष्यभर त्यानं हेच शिकवलं होतं, आणि अंगात भिनलेली शिस्त माणसाला धरून ठेवते ती अशी. तो बघत राहिला.

टापा राजेश्वरीच्या अगदी मागं येऊन थांबल्या. तिची वेणी हलली. वारा नव्हता, तरी मानेवरचे बारीक केस पुढं उडाले, परत बसले, परत उडाले. श्वासासारखे. तिनं मोबाईल खाली घेतला आणि बापाकडं बघितलं. तिचे ओठ हलले. 'आबा' म्हणत होती ती, ते त्याला ओठांवरून कळलं... पण आवाज आला नाही.

तिनं परत तोंड उघडलं. या वेळी पूर्ण. गळ्याच्या शिरा दोरीगत ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, हात गळ्याशी गेला. नुसती वाफ बाहेर पडत होती.

आता कुठं त्याला कळलं, काय करून बसलो ते. आणि काय करायचं तेही त्याला ठाऊक होतं. हरिबानं सांगितलं होतं, मैनेची हाळी द्यायची. पण समोर पोटची पोर गळा धरून उभी असताना बापाच्या तोंडी खेचरीचं नाव येईल कसं? छातीत होता नव्हता तेवढा दम त्यानं गोळा केला आणि तो ओरडला.

"राजेश्वरीऽऽ!"

खिंड दणाणली. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्यानं अशी हाक मारली नव्हती. दम संपला, त्यानं तोंड मिटलं.

हाक थांबली नाही.

तो प्रतिध्वनी नव्हता. प्रतिध्वनी विरत जातो. ही हाक तशीच भरलेली, ताजी, समोरच्या कड्यावरून वळली, मागं आली, त्याच्या कानाला लागून गेली आणि टापांबरोबर खालच्या घळीत उतरत राहिली. राजेश्वरीऽऽ... राजेश्वरीऽऽ... त्याचाच आवाज, त्याच्याशिवाय. मग टिटवी पुन्हा ओरडली आणि वारा सुटला.

राजेश्वरी खोकत गुडघ्यावर बसली. "आबा..." तिचा आवाज फुटला. "आबा, काय होतं हो ते? आबा?"

'काही नाही, पोरी,' असं नाथाजी म्हणाला. निदान त्याचे ओठ तसे हलले.

मिरजेच्या घशाच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "यांच्या गळ्याचं ऑपरेशन कधी झालं होतं?"

"कवाच न्हाई," मनुबाई म्हणाली.

"झालंय की, आजी. पडदे कापलेले आहेत. जखम भरून आलीय, आतला व्रण फार जुना आहे." डॉक्टर तरुण होता. त्यानं दुर्बीण पुसून ठेवली. "यांचं वय किती म्हणालात?"

मोबाईलमधलं चित्रण राजेश्वरीनं एकदाच पाहिलं. त्यात गोष्ट होती, दोन मिनिटांची शांतता होती, नंतर जमीन हलत होती. शेवटी एका क्षणी नाथाजीचं तोंड उघडताना दिसत होतं. आवाज कुठंच नव्हता, गोष्ट सांगतानाचासुद्धा. तिनं ते पुसून टाकलं.

तुम्हाला वाटेल नाथाजी खचला असेल. छे. तो गडी खचणाऱ्यातला नव्हेच. दुसऱ्याच आठवड्यात तो गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर हजर. हाताच्या खुणांवर त्यानं पोरं अशी पळवली की सांगायची सोय नाही. काही सांगायचं झालं की मोबाईलवर लिहायचा. मनुबाईनं एकदा डोळ्याला पदर लावला, तर त्यानं लिहून दाखवलं, 'माझा गेला, पोरीचा राहिला. सौदा वाईट नाही.' आणि तो हे मनापासून म्हणत होता. मुलाखतीत राजेश्वरीनं असं खणखणीत बोलून दाखवलं, की पहिल्याच खेपेला निवड झाली. ती चेन्नईला ट्रेनिंगला गेली, त्या दिवशी स्टेशनवर नाथाजीनं तिला कडक सॅल्यूट ठोकला. जहागीर योग्य वारसाकडं गेली असं त्याला वाटलं, आणि त्यानं देवाचे आभार मानले.

उन्हाळा लागताना हरिबा काठी टेकत आष्ट्याला आला. पाणी पिऊन झालं तरी तो मुद्द्यावर येईना. नाथाजीनं मोबाईलवर 'बोल की' असं लिहून त्याच्या नाकासमोर धरलं.

"सुबेदार, तुमचा आवाज हाय आमच्याकडं," हरिबा खालच्या आवाजात म्हणाला. "तुमी गेला त्याच्या दुसऱ्या दिसापासनं. रोज दिवस बुडताना खिंडीतनं हाक येती. राजेश्वरी म्हनून. आमी कोण ओ देत न्हाई. आसल्या हाकेला ओ द्यायाची नसती."

मनुबाई दाराशी येऊन उभी राहिली.

"मैनाच हाय ती. गळा घावला, पर तिला एकच शबुद येतोय. तुमी जो दिला तो." हरिबा थांबला. "आता खिंडीतनं हाक येईना. म्हैनाभर झाला. मला वाटलं सुटलं. तर आमची मेंढरं घेऊन गेलेली मानसं विजापूरकडनं परत आली, ती म्हनली, तिकडं माळावर सांजचं कोण मराठी मानूस पोरीला हाका मारत फिरतंय. मग बल्लारीकडचा एक पाव्हणा तेच बोलला. त्याच्या म्होरं आमची मानसं जात न्हाईत."

नाथाजी उठून उभा राहिला. जत, विजापूर, बल्लारी. ही रेघ पुढं वाढवली तर कुठं जाते, ते त्याला नकाशाशिवाय दिसत होतं. बर्माहून जी जतला चालत आली, तिला चेन्नई किती लांब? खेचर ओझ्यानिशी किती चालतं, हे त्या दोघा म्हाताऱ्या फौजींना चांगलं ठाऊक होतं.

त्यानं घाईघाईनं मोबाईल ओढला आणि लेकीला लिहायला घेतलं. 'कुणी हाक मारली तर', एवढं टाईप झालं, आणि तेवढ्यात फोनच वाजला. रविवार होता. रविवारी संध्याकाळी पोरगी घरी फोन करायची. मनुबाईनं फोन त्याच्या हातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"आई!" राजेश्वरी हसत होती, रडतही होती. "आई, आबांचा आवाज परत आला आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही?"

मनुबाईनं समोर उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

"काल संध्याकाळी मैदानाच्या कडेला हाक ऐकली. मला वाटलं भास असेल. आज परत, कुंपणाच्या पलीकडून. तोच आवाज गं, जसाच्या तसा! सरप्राईज द्यायला आलेत ना? कुठं उतरलेत?"

"पोरी, ऐक..." मनुबाई फोनवर वाकली.

"ओ दिलीस का?" हरिबा ओरडला. "राजेश्वरी, ओ दिलीस का तू?"

"हरिबाकाका? तुम्ही तिथं? हो, दिली की. का हो?" ती थांबली. "अगं, परत बोलावतायत बघ... आई, फोन ठेवू नकोस, मी त्यांना घेऊनच येते."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, मग तिची पळती पावलं. मनुबाई आणि हरिबा दोघं फोनवर तोंड नेऊन ओरडत होती, जाऊ नगंस, पोरी, माघारी फिर. त्या रिकाम्या खोलीबाहेर ते ओरडणं पोचण्याजोगं नव्हतं. पोचण्याजोगा आवाज या घरात एकच होता. नाथाजीनं मान ताणली, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा फुटायच्या बेताला आल्या. त्याच्या तोंडातून वाफ आली.

आणि फोनमधून, लांबून, भरलेल्या छातीनं मारलेली हाक त्याला ऐकू आली. "राजेश्वरीऽऽ!"

"आले, आबा!" लेकीनं आनंदानं उत्तर दिलं.